निराईचा खण

मालनच्या कपाटात पोपटी रंगाचा एक खण होता. त्याचा ब्लाउज कुणीच शिवणार नव्हतं. असे खण घोडपदेवच्या प्रत्येक घरात असतात. ते शिवायचे नसतातच, फिरवायचे असतात. एकीने दुसरीच्या ओटीत घालायचे, दुसरीने तिसरीच्या, आणि दोन-चार वर्षांनी आपलाच खण आपल्याकडे परत आला की ओळख न दाखवता "छान आहे हो रंग" म्हणायचं. मालनचा खणही असाच कुठून कुठून फिरत आला होता. तो पुढे ढकलण्याआधी जरा नवा दिसावा म्हणून तिने त्याच्यावर इस्त्री फिरवायला घेतली, तेवढ्यात खालून कुणीतरी पाणी आल्याचं ओरडलं, आणि खणाच्या कोपऱ्यात बदामाएवढा तपकिरी डाग पडला. माणसाला देण्यासारखा तो खण आता राहिला नव्हता. पुढे जे काही झालं ते ह्या डागापासून सुरू झालं.

मालन साठीला टेकलेली. माहेर-सासर दोन्ही मालवणच्या बाजूचं, पण लग्न होऊन घोडपदेवच्या चाळीत आली त्याला एवढी वर्षं झाली की गावाला गेली तर तिथली माणसं तिला मुंबईवाली म्हणत. नवरा कुशाबा आधी गिरणीत, मग एका ऑफिसात शिपाई, आणि आता रिटायर होऊन दिवसभर पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसलेला. एकुलती एक मुलगी मेघना. ती दगडांचा अभ्यास करत होती, आणि हे चाळीत सांगायची सोय नव्हती. "डॉक्टर होणार म्हणतेस, मग दवाखाना कुठे टाकणार?" असं कुणी विचारलं की मालन म्हणायची, "दगडांची डॉक्टर होतेय ती." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत. मालनला लेकीचा अभिमान होता, फक्त ही पोरगी रोज टोपी घालून उन्हात काय बघायला जाते ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या थंडीत मेघनाच म्हणाली, "आई, आत्याकडे डोहाळजेवणाला चाललीच आहेस, तर वाटेत माझी जागा बघून जा."

मालनची नणंद अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहायची. नणंदेच्या सुनेच्या ओटीत तो खण, डाग आतल्या बाजूला दुमडून, सरकवून द्यायचा असा मालनचा बेत होता. पोटुशी पोर, तिच्या ओटीत जळका खण घालायचा, ह्याची थोडी टोचणी लागली होती तिला, नाही असं नाही. तरी पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि कुंकवाची पुडी घेऊन ती निघाली.

क्वार्टर्सच्या मागच्या बाजूला एक टेकडी होती. पूर्वी तिथे दगडाची खाण होती. खाण बंद पडली, बाभळी माजल्या, घारींनी घरटी बांधली, आणि मग कधीतरी जाणत्या माणसांच्या लक्षात आलं की खाणीने कापलेल्या टेकडीच्या पोटात काहीतरी विलक्षण उघडं पडलं आहे. तेव्हा कुंपण घातलं, 'राखीव निसर्ग क्षेत्र' अशी पाटी लावली आणि जागा जपायला ठेवली. जपायला म्हणजे फाटकावर एक रखवालदार आणि त्याची खुर्ची. आत यायच्या त्या शाळांच्या सहली, पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी, आणि मेघना.

झाडी संपून खाणीचा खड्डा आला तशी मालन थबकली. समोर काळ्या दगडाचे खांब उभे होते. एकमेकांना चिकटून, ओळीने, प्रत्येक खांब सहा कोनांचा. वरून अगदी सरळ उतरलेले आणि पायाशी येताना सगळे मिळून पुढे पसरलेले.

"कोणी घडवले गो हे?"

"कोणीच नाही. वितळलेला दगड होता, लाव्हा. तो थंड होताना आपोआप असा तडकला."

मालनने मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाली, "अगो, ह्या निऱ्या आसत. बाई उभी हा. नऊवारी नेसलेली."

मेघनाने आईकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि खळखळून हसली. "मी इतकी वर्षं बघतेय, मला कसं नाही दिसलं?" आणि लगेच फोनमध्ये टिपून घेतलं, निऱ्या. आई बोललेली गोष्ट लेकीने टिपून घ्यावी, हे मालनच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मग मेघनाने तिला आडोशाच्या एका खांबाजवळ नेलं. त्याच्या अंगावर बारीक आडव्या रेघा होत्या, नखाने ओढल्यासारख्या. दगड तडकताना तडा एकदम आरपार जात नाही, थोडा जातो, थांबतो, पुन्हा जातो, आणि जिथे थांबला तिथे अशी रेघ राहते, असं तिने सांगितलं. त्या रेघांवरून तो लाव्हा कुठून कसा थंड होत गेला ते कळतं. टेकडीवरच्या बाकी सगळ्या रेघा ऊन-पावसाने पुसून गेल्या होत्या, ह्या एवढ्याच उरल्या होत्या. मेघना त्यांना हात लावत नसे. गालाला पावडर लावायचा मऊ ब्रश असतो ना, तसल्या ब्रशने धूळ उडवायची.

"माझं सगळं काम ह्या रेघांवर आहे, आई. ह्या गेल्या की संपलंच."

हे ती हसत म्हणाली नाही. तिचं काम तेव्हा अडलंच होतं. पुढची तपासणी हैदराबादच्या लॅबमध्ये करायची होती आणि तिथली परवानगी महिनोन् महिने येत नव्हती. पोरगी रात्री जेवताना ताटात बोटं फिरवत बसायची, ते मालनला दिसत होतं.

मेघना फोटो काढायला टेकडीच्या पलीकडे गेली. मालन आणि ती निऱ्यांची बाई, दोघीच उरल्या. बाई भर उन्हात उभी. इतक्या नीट चापूनचोपून निऱ्या काढलेली, आणि कपाळाला कुंकू नाही, ओटीत काही नाही. मालनला ते बघवेना. तिने इकडे तिकडे पाहिलं, पिशवी उघडली, आणि तो खण, सवयीने डाग आत दुमडून, बाईच्या पायाशी ठेवला. वर नारळ, मूठभर तांदूळ. रेघांचा खांब सोडून अगदी कडेच्या निरीला कुंकवाचं एक बोट लावलं. तेवढी अक्कल तिने नक्की वापरली.

"बाय माजे," ती हळूच म्हणाली, "उनातान्हात उभी आसस, कोण तुका कुंकू लावणा नाय. माजी पोर तुज्या पायाशी येऊन बसता. तिचा काम अडाकला हा, ता सोडव गो बाय."

मेघनाला ह्यातलं काही सांगायचं नाही हे तिने तिथेच ठरवलं. सांगितलं असतं तर "आई, प्लीज," एवढंच ऐकायला मिळालं असतं. डोहाळजेवणात सुनेच्या हातात पाकीट दिलं आणि मालन समाधानाने घरी आली. एक तर खण खपला होता, आणि तोही देवाधर्माच्या कामी.

आठवड्याभरात हैदराबादची परवानगी आली. आता हे पोटात ठेवणं मालनला जमण्यासारखं नव्हतं. मेघनाला नाही, पण शेजारच्या सुभद्राला तिने सगळं सांगितलं. ती निऱ्यांची बाई, ती ओटी, आणि लगेच झालेलं काम. सुभद्राच्या धाकट्याचं लग्न तेव्हा जमत नव्हतं. तिने डोळे बारीक करून विचारलं, "टेकडी नेमकी कुठे म्हणालीस?"

मेघना हैदराबादला गेली. जाण्याआधी टेकडीवर माहितीचा एक फलक लावायचं काम तिच्याकडे आलं होतं, त्यात तिने लिहिलं की स्थानिक लोक ह्या खांबांना 'निऱ्या' म्हणतात. स्थानिक लोक म्हणजे एकटी मालन. फलकाचा फोटो मालनने चाळीत प्रत्येकीला दाखवला. मग तिचा गुडघा धरला, डॉक्टरने जिने चढू नका म्हणून सांगितलं, आणि वर्षभर ती घोडपदेवच्या बाहेर फारशी पडलीच नाही.

त्या वर्षात सुभद्रा अधूनमधून प्रसाद आणून द्यायची. साखरफुटाणे, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, कुंकवाची पुडी. "निराईचा प्रसाद," म्हणायची. मालन हात जोडून तोंडात टाकायची. मुंबईत देवींना काय तोटा, असेल वसई-विरारकडची कुठलीतरी. एकदा विचारलंही तिने, कुठची गो ही? तर सुभद्रा हसून म्हणाली, "तुला मी काय सांगायचं? तुझीच ती." मालनला वाटलं, देवी सगळ्यांचीच असते, त्या अर्थाने बोलली असेल. कुंकवाच्या पुड्या तिने देव्हाऱ्यात ओळीने मांडून ठेवल्या. सुभद्राच्या धाकट्याचं लग्न झालं तेव्हा तीही म्हणाली, "पावली हो निराई."

वर्ष सरता सरता मेघना परतली. प्रबंध लिहून झाला होता. पुढच्या आठवड्यात बाहेरगावचे परीक्षक प्रत्यक्ष जागा बघायला यायचे होते. त्यांना टेकडीवर नेऊन त्या रेघा दाखवायच्या, बस्स. त्याआधी एकदा जागा बघून यावी म्हणून मेघना मंगळवारी सकाळी निघाली.

"तू पण चल, आई. तुझ्या निऱ्या बघून घे. टॅक्सीने जाऊ."

अँटॉप हिलची टेकडी म्हटल्यावर टॅक्सीवाला म्हणाला, "निराईला ना? आज मंगळवार, लाइन असणार."

"अगो बाई," मालन हरखून म्हणाली, "ती निराई ह्या बाजूक आसा? बरा झाला, जाता जाता पाया पडून येवया." आणि मेघनाला प्रसादाचं, सुभद्राच्या मुलाच्या लग्नाचं, सगळं सांगत बसली. मेघना खिडकीबाहेर बघत हं हं करत होती. फाटकाशी आल्यावर तिचं हं थांबलं.

फाटक सताड उघडं होतं. दोन्ही बाजूंना हारवाल्या बसल्या होत्या, खण-नारळाची तबकं मांडलेली. रखवालदाराची खुर्ची होती त्या जागी चपलांचं स्टँड होतं आणि रखवालदार स्वतः कपाळभर कुंकू लावून चपला घेत होता. मेघनाचा फलक जागेवर होता. त्यातलं 'निऱ्या' तेवढं ठेवून वर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'श्री निराई देवी प्रसन्न'.

मालनने ते एकदा वाचलं. मग पुन्हा, एकेका अक्षरावर थांबून वाचलं. देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या पुड्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

"आई, हे काय आहे?" मेघना म्हणाली आणि पळत सुटली. मालन दुखऱ्या गुडघ्याने तिच्या मागे.

खाणीच्या खड्ड्यात आता फरशी होती. पांढऱ्या बाथरूमच्या टाइल्स, काही फुलांच्या नक्षीच्या. वर पत्र्याचा मांडव, पंखे, स्पीकर. आणि समोर ती बाई. पायापासून माणसाच्या उंचीपर्यंत शेंदूर थापलेला, एवढा जाड की सहा कोन बुजून खांब गोल दिसत होते. वर हिरवी साडी गुंडाळलेली, दोन चांदीचे डोळे चिकटवलेले. आणि आडोशाचा तो खांब, ज्याला मेघना हात लावत नसे, त्याच्यावर तर सगळ्यात जास्त शेंदूर होता, कारण आडोशाला असल्यामुळे तिथे तो टिकत होता. बाया रांगेने येत होत्या, तेलाची वाटी ओतत होत्या, कपाळ टेकत होत्या.

मेघना ओरडली नाही की रडली नाही. ती फरशीवर मटकन खाली बसली. मालनने तिचा खांदा धरला तर तो दगडासारखा ताठ लागला.

"हे कोणी केलं? असं कोणी... आठवड्याने माणसं येणार आहेत, आई. मी त्यांना काय दाखवू?" मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "शेंदूर निघेल. निघतो तो. आत असतील अजून रेघा." पुढेही ती काहीतरी बोलली, कापूस, औषध, महिनाभर, असं काही. पण तेवढ्यात स्पीकर वाजला आणि मालनच्या कानावर पडलं ते एवढंच, की शेंदूर निघेल.

कारण मालनचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. देवीच्या उजव्या हाताला काचेच्या पेटीत, बारक्या दिव्यांच्या माळेत, एक पोपटी खण लावला होता. खाली लिहिलं होतं, 'देवीच्या चरणी आपोआप प्रकट झालेला मूळ खण'.

पेटीजवळ पांढऱ्या शर्टातला एक माणूस माइक धरून उभा होता. खालच्याच वस्तीतला, अजित नावाचा. बोलायला गोड, रांगेतल्या म्हाताऱ्यांना हात धरून पुढे नेणारा. तो सांगत होता, "खणाच्या कोपऱ्यात बघा, माउली. तपकिरी खूण दिसते? ते देवीचं पाऊल आहे. मनुष्याच्या हाताने उमटलेलं नाही."

ते पाऊल तिने स्वतः उमटवलं होतं, नळाला पाणी आलं तेव्हा.

तिने मेघनाकडे पाहिलं. सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. मेघनालाही नाही. पण पोरगी फरशीवर तशीच बसली होती, हात मांडीत टाकून, जेवणाच्या ताटापुढे बसायची तशी. मालन रांग मोडून पुढे गेली.

"तो खण माजो आसा," ती अजितला म्हणाली. "मी ठेवलंय तो. इस्त्रीचो डाग आसा तो. पाऊल नाय नि बिऊल नाय. ही देवी नाय, साधो दगड आसा. कुंकू पण मीच लावलंय."

मेघनाने मान वर केली. "आई?" एवढंच म्हणाली.

अजित क्षणभर गोंधळला. मग त्याने हळूच विचारलं, "आजी, हातात इस्त्री कोणी दिली?"

"कोणी देतला? माझीच इस्त्री."

"आणि इतकी घरं सोडून हा खण तुम्ही हिलाच का आणून दिलात?"

अजितचे डोळे पाण्याने भरले. हे नाटक नव्हतं, मालनने नीट पाहिलं, खरंच भरले. तो वाकला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "माउली, वर्षभर आम्ही शोधतोय. पहिली ओटी कोणी भरली, तिला कसा दृष्टांत झाला. आज मंगळवारी स्वतःहून आलात."

"नाय रे बाबा, दृष्टांत नाय, ऐक तरी..."

पण कोण ऐकतो? रांग फुटली. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. कुणी पायाला हात लावत होत्या, कुणी तिच्या पदरात नारळ टाकत होत्या. ओटीला नाही म्हणायचं नसतं, मालनचे हात आपोआप पदर पसरून उभे राहिले, आणि पदर जड होत गेला. खरं सांगितलं तर माणसं आपल्याला शिव्या देतील, एवढी तिने मनाची तयारी केली होती. ही माणसं तिला पुजायला लागली.

"माउली, देवी तुमच्याशी बोलते," अजितने माइक तिच्या तोंडाशी धरला. "काय सांगते? काय पाहिजे तिला?"

मालनने माइककडे पाहिलं. खरं बोलून झालं होतं, त्याचा हा असा निकाल लागला होता. मग तिला वाटलं, हे ऐकणारच असतील तर ऐकू देत.

"तिका शेंदूर नको," ती म्हणाली. स्पीकरमधून स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. "काढा तो. साडी नको, तेल नको. तिच्या अंगावरचा सगळा काढा."

मग अजितने हात वर केले. "होय महाराजा!" आणि सगळा मांडव ओरडला, "होय महाराजा!"

मालनच्या मनावरचं ओझं उतरलं. तिने वळून मेघनाकडे पाहिलं, झालं की नाही, अशा नजरेने. मेघना उठून उभी राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

"आई, नाही! थांबव त्यांना!"

पण भक्त माणसाला काम सांगितलं की तो उशीर करत नाही. साडी खाली आली, चांदीचे डोळे निघाले. कुणी बादली आणली, कुणी साबण, कुणी विटेचे तुकडे. भांडीवाल्याकडच्या तारेच्या घासण्या आल्या. मांडवामागे रंगारी काम करत होते, त्यांची रंग खरवडायची लोखंडी पत्री आली. सात-आठ जण त्या शेंदराला भिडले आणि दगडावर पत्री घासल्याचा तो आवाज सुरू झाला. खरवडत होते, मनापासून. देवीचं काम होतं.

"घासू नका! रेघा जातील! परत नाही येत त्या!" मेघना गर्दीत घुसली तर दोन बायांनी तिला मायेने धरून मागे ओढलं. "बाळा, माउलीची आज्ञा आहे."

कडेचा खांब उघडा पडला. गुळगुळीत. त्याच्यावर रेघा आधीच उरल्या नव्हत्या, पण बाकीचं काय होणार ते मालनला दिसलं. पत्रीवाला आता आडोशाच्या खांबाकडे वळला आणि वरून खरवडायला लागला.

"नको रे! थांब! मी खोटा बोललंय!" ती ओरडली. माइक कुणाच्या तरी हातात गेला होता. जयजयकारात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

मग मालनने काय केलं ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पदरातले नारळ तिने तसेच खाली सोडले, ते फरशीवर फुटत, गडगडत गेले. दुखरा गुडघा, साठीचं अंग, आणि ती त्या माणसांच्या मधून वाट काढत गेली आणि पत्री आणि दगड ह्यांच्या मध्ये पाठ लावून उभी राहिली. अंबाडा सुटला होता. श्वास लागला होता. संतापाने आणि भयाने तिचं सगळं अंग थरथरत होतं, आणि तोंडातून शब्द निघेना म्हणून ती नुसती किंचाळली. एकदा, दोनदा, पोटातून.

पत्री थांबली. वीट थांबली. माणसं दोन-दोन पावलं मागे सरली.

"अंगात आलं," कुणीतरी कुजबुजलं.

सगळ्यांनी हात जोडले. मालन जन्मभर अंगात येणाऱ्या बायांना नावं ठेवत आली होती. जत्रेत एखादी घुमायला लागली की ही तोंड फिरवून म्हणायची, "सुरू झाली नाटका." आता तिच्यासमोर शंभर-दीडशे माणसं गुडघ्यावर बसली होती. खरं बोललं तर पाया पडतात, खोटं बोललं तर घासायला लागतात, आणि नुसतं किंचाळलं तेव्हा पहिल्यांदा थांबली. ह्या धक्क्यातून ती सावरेना. ती खांबाला पाठ लावूनच हळूहळू खाली बसली.

अंगात आलेलीला कुणीतरी विचारायचं असतं. एवढं घोडपदेवात वाढलेल्या मुलीला ठाऊक होतं. मेघना त्या बायांच्या हातांतून सुटून पुढे आली. चेहरा पांढराफटक, गालावर शेंदराचा डाग. तिने आईकडे पाहिलं, मागच्या खांबाकडे पाहिलं, मग त्या सगळ्या जोडलेल्या हातांकडे. मग तिनेही हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, काय हवंय तुला?"

मांडवाने डोकं टेकलं. त्यांना वाटलं, ती देवीला विचारतेय. मालनला कळलं ती कुणाला विचारतेय ते. लेकीने असं कधी विचारलंच नव्हतं. मघापासून अडकलेला आवाज मोकळा झाला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "हिका कोणी हात लावू नका. लांबसून बघा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. पत्रीवाल्याने पत्री खाली ठेवली. माणसं मागे मागे सरकत मांडवाच्या कडेला जाऊन बसली आणि तिच्याकडे बघत राहिली.

मेघना आईच्या शेजारी टेकली आणि तिच्या खांद्यावरून मागे डोकावली. वरचा भाग घासून गेला होता, तिथे दगड कोरा होता. खाली मालनच्या पाठीएवढ्या जागेत शेंदूर तसाच होता, जाड, न खरवडलेला.

"आहेत काय गो?" मालनने ओठ न हलवता विचारलं.

"ह्याच्याखाली असतील. एवढ्याच."

समोरची माणसं अजून हलली नव्हती. पत्री फरशीवर तयार होती, वीट ओली होती. मालनच्या गुडघ्यातून कळ येत होती.

"उठू मी?"

मेघनाने जोडलेले हात सोडले नाहीत. गर्दीकडे बघतच ती हळू म्हणाली, "नको, आई. उठू नकोस इतक्यात."